आमची शाळाबाह्य पोरं

पोस्ट मोठी आहे. दिवसा दुकानात गर्दी असते म्हणून चार रात्री तुकड्या-तुकड्यांनी लिहिली. वेळ असेल तरच वाचा, नाहीतर सरळ पुढे जा, राग नाही.

पाचोऱ्यात माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. मे-जून म्हणजे आमची सुगी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, आणि आरटीईच्या २५ टक्क्यांचे फॉर्म. यंदा आरटीईचे फॉर्म तर दोनदा भरले. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेत २५ टक्क्यांतून प्रवेश नाही. लोकांनी तसे फॉर्म भरले. ६ मे २०२४ ला हायकोर्टाने नियमाला स्थगिती दिली आणि १७ मेपासून सगळं पहिल्यापासून. त्याच बाया, तीच कागदं, पुन्हा नवा ओटीपी. बाहेर पारा ४५ च्या आसपास आणि आत साइट फिरत बसलेली. एका आजोबांनी विचारलं, "भाऊ, मागच्या महिन्यात भरला तो कुठे गेला?" काय सांगणार.

तालुक्यातल्या किती पोरांना मी या कीबोर्डवरून शाळेत घातलं याचा हिशोब नाही. आणि माझी स्वतःची दोन पोरं चार वर्षं शाळेत गेलेली नाहीत. बहुतेक गिऱ्हाइकांना हे माहीत नव्हतं. मीही होऊन सांगत नव्हतो. आता सांगतोय, कारण या १५ जूनला त्यातली एक शाळेत गेली.

सुरुवात कुठल्या तत्त्वाने झाली नाही, हे आधीच सांगतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरली सीनियर केजीत होती, धाकटा तीन वर्षांचा. जूनमध्ये थोरलीची पहिली मोबाइलवर सुरू झाली. घरात स्मार्टफोन एक, त्यावरच माझं दुकान. सकाळी दहाला तिचा वर्ग आणि दहालाच गिऱ्हाइकांचे फोन. ती स्क्रीनवर चाळीस चौकोनांत स्वतःला शोधायची आणि सापडली की तेवढंच बघत बसायची. सह्याद्रीवर २० जुलैपासून 'टिलीमिली' सुरू झालं, त्यात मात्र रमली. तो कार्यक्रम चांगला होता, जे केलं त्यांचं भलं होवो.

बायको डी.एड. आहे. तिचं डी.एड. झालं आणि थोड्याच काळात, २०१२ मध्ये, राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. डिसेंबर २०१७ ची अभियोग्यता चाचणी तिने दिली, नंबर लागला नाही. एका विनाअनुदानित शाळेत चार हजारांवर शिकवत होती. लॉकडाऊनमध्ये ते चार हजारही थांबले. एक दिवस तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घेऊन जा दुकानात. दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, यांना नाही शिकवता येणार?"

शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा पाठवता आलं असतं. पण त्या शाळेने दोन्ही वर्षांची थकलेली फी एकरकमी मागितली, अठरा हजार. दुकान नुकतं पुन्हा उभं राहत होतं. २५ टक्क्यांत थोरलीचा नंबर लागला नव्हता, आणि तो प्रवेश पहिलीच्या आतच मिळतो, पुढच्या वर्गात नाही. बायकोचं म्हणणं, पोरगी तिच्या वयाच्या पोरांपेक्षा पुढे आहे, आणखी एक वर्ष घरीच राहू दे. मी हो म्हटलं. 'होमस्कूलिंग' हा शब्द आम्हाला नंतर यूट्यूबवर सापडला. शब्द सापडल्यावर जरा बरं वाटलं. फी नव्हती म्हणून घरी ठेवलं, याच्यापेक्षा तो शब्द ऐकायला चांगला होता.

आता घरात काय चालायचं ते सांगतो, कारण लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर पोरं दिवसभर टीव्ही बघतात, नाहीतर ती आइनस्टाइन होणार आहेत.

सकाळी साडेआठला ओट्यावरचं आवरलं की स्वयंपाकघरातच सतरंजी पडायची. पहिला तास गणित, कारण अकरानंतर धाकटा कुणाच्या बापाला ऐकत नाही. फळा म्हणजे फ्रिजचं दार, त्याला व्हाइटबोर्डचा स्टिकर कागद लावलेला. वजन-मापं पुस्तकातून शिकवावी लागलीच नाहीत. कळण्यासाठी ज्वारी आणि उडीद गिरणीत द्यायचे तर पोरांनीच तोलायचे. ज्वारी चार किलो तर उडीद किती? आईचं प्रमाण वेगळं, बायकोच्या माहेरचं वेगळं. त्यावरून सासू-सुनेचं वाजलं आणि पोरं गुणोत्तर शिकली.

श्रावणात कानबाई बसते तेव्हा रोटांसाठी गहू मुठीने मोजतात. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुष माणसाच्या नावाने सव्वा मूठ. थोरलीने बोटं मोजली. मी, धाकटा, काका, काकांचे दोन. सव्वा पंचे सव्वासहा. मग म्हणाली, "माझी मूठ कुठे?" आई म्हणाली, पोरींची नसते. ती म्हणे, मग हिशोब चुकला, जेवायला तर आम्ही पण आहोत. त्या वर्षी आईने तिच्या नावाची मूठ टाकली की नाही मला माहीत नाही, पण त्या रात्री डबा झाकताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

धाकट्याचा अभ्यासक्रम एकच होता, पीजे. बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, पाचोरा-जामनेर ही आमची छोटी गाडी. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत ५६ किलोमीटर जायची. शंभर वर्षं चालली आणि मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आता मोठी लाइन करायचं चाललंय. धाकटा तिच्यात एकदाच बसलेला, आईसोबत शेंदुर्णीला त्रिविक्रमाच्या दर्शनाला, तेव्हा अडीच वर्षांचा. त्याला ती आठवणं शक्य नाही, पण तो आठवते म्हणतो. गवतात गेलेल्या रुळांमधलं अंतर त्याने माझ्या टेपने मोजलं, अडीच फूट. मग मोठ्या लाइनचं विचारलं. ते मोजायला जाऊ दिलं नाही, साडेपाच आहे हे तोंडीच सांगितलं. "म्हणजे पीजे तीन फूट बारीक." वजाबाकी त्याला तिथे आली. अक्षरओळखही स्टेशनच्या पाट्यांवरूनच. 'ज' हे अक्षर जामनेरचं, जहाजाचं नाही.

थोरलीसाठी बायकोने 'घर दैनिक' सुरू केलं. कल्पना उसनी आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तिथल्या वसतिगृहातल्या पोरांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. आमचं दैनिक वहीच्या एका पानाचं. बातम्या अशा: नळाला आज पाणी आलं नाही. आजीचा गुडघा दुखतो. पप्पा रात्री पावणेअकराला आले. ते पान फ्रिजवर लागायचं आणि घरात येणारा प्रत्येकजण ते वाचायचा, त्यामुळे मी वेळेवर यायला लागलो.

हे सगळं वाचून छान वाटत असेल. आता दुसरी बाजू.

धाकट्याने एकदा गणित चालू असताना विचारलं, "तू आत्ता मम्मी आहे का मॅडम?" शाळेत मॅडम रागावल्या तर घरी येऊन मम्मीला सांगता येतं. आमच्या पोरांनी कोणाला सांगायचं? बायको चिडली की एकाच वेळी शाळाही चिडायची आणि घरही. आणि ती चिडायची. सकाळी पाचला उठून पाणी, स्वयंपाक, आईची औषधं, मग तीन तास शिकवणं, दुपारी स्वतःचा अभ्यास, कारण फेब्रुवारी २०२३ ला दुसरी अभियोग्यता चाचणी आली. पाच वर्षांनी आली. पोरांना भागाकार देऊन ती शेजारी बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवत बसायची. एकदा दुपारी जेवायला घरी आलो तर तिघंही वेगवेगळ्या कोपऱ्यात रडत होते आणि आई देवघरासमोर मोठ्याने जप करत होती, ऐकू येऊ नये म्हणून. मी भाकरी हाताने वाढून घेतली, खाल्ली आणि दुकानात पळालो. होमस्कूलिंगच्या व्हिडिओंत वडील असतात ते हेच, पळून जाऊन पैसे कमावणारे. सगळं ओझं बाईवर असतं आणि नाव मात्र 'आम्ही पालकांनी निर्णय घेतला' असं असतं.

आईचा पहिल्या दिवसापासून विरोध. ती स्वतः शाळेची पायरी चढलेली नाही. म्हणायची, "पोरेसले घरमा कोंडी ठेवं, हाई काय शाळा शे?" आणि दुसरं वाक्य माझ्या धंद्यातलं होतं: "शाळामा नही गयात ते दाखला कथाईन लयशात?" शाळेत गेली नाहीत तर दाखला कुठून आणाल? हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या दुकानात रोज निम्मी माणसं शाळा सोडल्याचा दाखला हरवला म्हणून रडत येतात. जातीचा दाखला काढायचा तर आजोबांचा शाळेचा दाखला शोधा, जुन्या रजिस्टरचा उतारा आणा. ज्याचे आजोबा शाळेत गेले नाहीत त्याची फाइल किती जाड होते ते मला विचारा. शाळा म्हणजे शिक्षण की नाही यावर वाद घाला, पण आपल्याकडे शाळा म्हणजे माणूस जन्मला याचा पुरावा आहे.

जुलै २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआऊट'चं सर्वेक्षण आलं. ५ ते २० जुलै, राज्यभर घरोघरी. आमच्या दारात दोन शिक्षक आले, एक मॅडम, एक सर, चिखलाने भरलेल्या चपला. फॉर्म बघितल्यावर मला धंद्याची सवय म्हणून आधी रकानेच दिसले. कधीच शाळेत दाखल नाही, किंवा दाखल आहे पण येत नाही. आमची थोरली कुठे बसणार? केजी धरत नाहीत, पहिली मोबाइलवर झाली, तीही अर्धी. मॅडमनी तिला फ्रिजवरचं दैनिक वाचायला लावलं. घडाघडा वाचलं. तिसरीचं गणित दिलं, केलं. सर म्हणाले, "वर्गातली निम्मी असं वाचत नाहीत." त्याच वर्षीच्या 'असर'च्या पाहणीत देशभरातल्या तिसरीच्या पोरांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०.५ टक्के निघाली, २०१८ मध्ये ती २७.३ होती. सर अंदाजाने बोलले होते, पण फार चुकले नव्हते. मग मॅडमनी पेन उघडलं आणि दोघांनाही 'शाळाबाह्य' लिहिलं. त्यांचीही चूक नाही. तिसरा रकानाच नव्हता.

कायदा म्हणाल तर मी तो त्याच रात्री वाचला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे कलम १० प्रमाणे पालकाचं कर्तव्य. पण पालकाने नाही केलं तर त्याला शिक्षा काय, हे कायद्यात नाही. घरी शिकवणाऱ्यांना परवानगी आहे असं नाही, बंदी आहे असंही नाही. कायद्याला आम्ही दिसतच नाही.

आणि खरं सांगतो, आम्ही दिसलो नाही तरी फार बिघडत नाही. ज्यांचं बिघडतं ते वेगळे.

आमच्या मागच्या गल्लीत थोरलीच्याच वयाची एक पोरगी आहे. तिचे आईवडील मजुरी करतात. पोरीचं नाव शाळेत आहे, हजेरीपटावर आहे, सर्वेक्षणात ती 'शाळेत जाणारी'. कापूस फुटला की दसऱ्यापासून ती आईसोबत वेचायला जाते, ते थेट डिसेंबर संपेपर्यंत. मागच्या हंगामात वेचणी किलोला दहा रुपये होती. एका रविवारी ती आमच्या ओट्यावर बसलेली आणि थोरलीचं गणिताचं पान चालू होतं. थोरली तिला म्हणाली, अठरा गुणिले दहा सांग. ती म्हणाली, "एकशे ऐंशी. तीन दिवसांचे पाचशे चाळीस, त्यातून चहाचे वीस कापले, पाचशे वीस दिले." थोरली पेन्सिल धरून बसली. तिला हातचा घेऊन भागाकार येतो, पण पाचशे वीस रुपये कधी मिळाले नाहीत.

त्याच दिवाळीत माझ्या चुलतभावाने कापूस विकला. लांब धाग्याचा हमीभाव होता ७,०२० रुपये क्विंटल, त्याला व्यापाऱ्याने ६,७०० दिले. पोरांनी बारा क्विंटलचा फरक काढला, ३,८४० रुपये. थोरलीने विचारलं, "हमीभाव म्हणजे हमी कोणी घेतली?" हा प्रश्न तिने दैनिकात लिहिला. उत्तर कोणी लिहिलं नाही.

मला त्या दोन पोरी सारख्या आठवतात. कागदावर शाळेत असलेली शेतात, आणि कागदावर कुठेच नसलेली घरी फ्रिजसमोर अपूर्णांक सोडवतेय. एकीच्या बापाला कोणी विचारत नाही. दुसरीच्या बापाला लोक विचारतात, "वा, होमस्कूलिंग?" मी कौतुक ऐकून घ्यायचो. मग मागच्या गल्लीतून दुकानात जायची लाज वाटायला लागली, आता स्टेशन रोडने वळसा घालून जातो.

लोक उदाहरणं देतात. मुंबईची मालविका जोशी, सातवीतच शाळा सोडली, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नाही, तरी प्रोग्रॅमिंगच्या ऑलिंपियाडमधल्या पदकांवर २०१६ मध्ये थेट अमेरिकेत एमआयटीला. मला ही पोस्ट निदान तीसदा फॉरवर्ड झाली असेल. पोरगी मोठीच आहे, तिच्या आईचे कष्टही मोठे. पण ते फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी एकाचीही पोरं घरी नाहीत.

दुसरं उदाहरण घरचं. "बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या?" आसोद्याच्या, आमच्याच जिल्ह्याच्या, खरंच शाळेत गेल्या नव्हत्या. पण पुढचं कोणी बोलत नाही. त्यांच्या ओव्या कागदावर उतरवल्या त्या शिकलेल्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने. १९५१ ला त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ ला. घरात लिहिता येणारं कोणी नसतं तर? जात्यावर गाणाऱ्या आणखी किती असतील खान्देशात, ज्यांची पोरं शाळेत गेली नाहीत. हे मी ज्यांच्याशी बोललो त्या मित्राने विषय बदलला.

आता मूळ गोष्टीवर येतो.

या जानेवारीत भडगावला लग्न होतं. मी पंगतीत वाढत होतो. मागे पोरींचा घोळका, त्यात थोरली. कोणीतरी विचारलं, कोणत्या शाळेत? तिने शाळेचं नाव सांगितलं, गावात खरंच असलेल्या शाळेचं. एवढं मी समजू शकलो असतो. पण ती पुढे बोलतच राहिली. माझा नंबर एकोणतीस आहे. माझ्या बाकावर एक मुलगी बसते ती माझी पेन्सिल चावते. आमच्या मॅडमच्या हातात पट्टी असते पण त्या मारत नाहीत, नुसती टेबलावर आपटतात. तिसऱ्या खिडकीची काच फुटलेली आहे. इतकं बारीक, की मलाच क्षणभर वाटलं ही जाते की काय. हातात बुंदीचा झारा होता, तो तसाच राहिला.

घरी कोणाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, "पेन्सिल चावणारी पण आणली तिने."

फेब्रुवारीच्या शेवटी शिक्षक भरतीची यादी लागली. मीच दुकानात पीडीएफ उघडली, तिचं नाव तीनदा शोधलं. नव्हतं.

मग १७ मार्चची गोष्ट. 'उल्लास' साक्षरता अभियानाची परीक्षा राज्यभर त्या दिवशी होती, निरक्षर प्रौढांसाठी. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. आमच्या आईचं नाव त्यात होतं. तिला शिकवलं थोरलीने, सहा महिने, रोज दुपारी, फ्रिजच्या दारावर. मम्मीची नक्कल करत, तसंच कमरेवर हात ठेवून. आईला 'क्ष' येईना तेव्हा तिने आजीला उठबशा सांगितल्या होत्या, गुडघ्यामुळे माफ केल्या. रविवार होता. अडुसष्ट वर्षांची आई नवं लुगडं नेसून परीक्षेला निघाली, पाण्याची बाटली, पॅड, दोन पेनं. थोरली सोबत. फाटकावर सर म्हणाले, ये आत, बस मागे. पोरगी चार वर्षांत पहिल्यांदा वर्गात बसली ती आजीच्या परीक्षेला.

घरी आल्यावर आई पेपर कसा गेला ते सांगत होती, आणि थोरली सांगत होती बाक कसा होता. बाकाला फट असते आणि त्यात कोणीतरी कागदाच्या गोळ्या कोंबल्या होत्या. रात्री झोपताना म्हणाली, "पप्पा, मला शाळेत घाला." घाला म्हणाली. दुकानात लोक म्हणतात तसं, फॉर्म समोर ठेवून.

बायकोला लागलं. दोन दिवस ती बोलली नाही. चार वर्षांची मेहनत, आणि पोरगी म्हणते मला बाक पाहिजे. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही गप बसा. ती बरोबर आहे, म्हणून तर राग येतोय."

वेळही हीच होती. वयानुरूप प्रवेश आपल्या राज्यात आता पाचवीपर्यंतच सरळ मिळतो. सहावीपासून पुढे बसवायचं तर आधी पाचवीची वार्षिक परीक्षा पास हवी, हा नियम मागच्याच वर्षी आला. थोरली दहा वर्षांची, म्हणजे हे शेवटचं उघडं दार. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवीची परीक्षा बाहेरून घेतं, तो मार्ग मला माहीत होता, फॉर्मही काढून ठेवला होता. पण तिला परीक्षा नको होती, बाक हवा होता. जवळच्या अनुदानित मराठी शाळेत गेलो. मागची शाळा नाही, दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही हे मला पाठ होतं, प्रिंटही खिशात होती. काढावी लागली नाही. सर चांगले निघाले, जन्मदाखला आणि आधार बघितलं, वाचून घेतलं, पाचवी म्हणाले. रजिस्टरमध्ये 'यापूर्वीची शाळा' असा रकाना होता. सरांनी पेन थोडा वेळ वर धरला आणि आडवी रेघ मारली.

गाडीवरून परत येताना थोरली मधे बसलेली. म्हणाली, "तिथे मम्मीचं नाव का नाही लिहिलं?" मागे बायको होती. ट्रकचा आवाज होता, तिने ऐकलं की नाही ठाऊक नाही. घरी येऊन तिने फ्रिजचा स्टिकर ओल्या फडक्याने पुसला, निम्मा. खालचा भाग धाकट्यासाठी तसाच ठेवला.

धाकट्याचं अजून ठरलेलं नाही. तो सात वर्षांचा आहे आणि म्हणतो पीजे सुरू झाली की तिने जामनेरला शाळेत जाईन. बायको म्हणते याला आणखी एक वर्ष. आई म्हणते दाखला.

१५ तारखेला थोरली गेली. उशिरा नाव घातल्यामुळे तिचा नंबर शेवटचा, एकसष्ट. संध्याकाळी घरी येऊन दप्तर न काढता सांगायला लागली. बाकावर शेजारी मागच्या गल्लीतलीच ती पोरगी आलीय, तीही पाचवीला याच शाळेत. पेन्सिल चावत नाही. खिचडीत वाटाणा होता. एकसष्टला मॅडमनी हजेरी म्हणायला विसरल्या तर तिने स्वतःच उभं राहून सांगितलं.

जेवताना म्हणाली, "ती म्हणाली, आता दोघी बसू दाटीवाटीने. दसऱ्यानंतर बाक तुझा एकटीचाच आहे."